भिंतीपलीकडचा गजर

मिस्त्रींनी आयुष्यभर यंत्रं उघडून पुन्हा जोडली होती. त्यामुळे पुठ्ठ्याच्या खोक्यातून निघालेला तो काळा, वीतभर डबा आपल्या नाकी नऊ आणेल असं त्यांना वाटलं नव्हतं. घड्याळ आणि रेडिओ एकातच. उशाशी ठेवायचा, वेळ लावायची आणि झोपायचं. सकाळी उठवायचं काम त्याचं. लेकीनं पार्सलनं पाठवला होता आणि वर फोन करून सांगितलं होतं, "बाबा, अगदी सोप्पं आहे. आई परत येईपर्यंत वापरा."

आई, म्हणजे मिस्त्रींची बायको, लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्या गावी गेली होती. निघायच्या दिवशी बॅगेची चेन ओढता ओढता तिनं विचारलं होतं, "अहो, तुम्हाला उठवणार कोण?"

"मला कोण उठवतं? मी माझा उठतो."

बायकोनं मान वर केली. त्यांच्याकडे बघितलं आणि अडकलेली चेन जोरात ओढली. संध्याकाळी पोचल्या पोचल्या तिनं लेकीला घड्याळ मागवायला लावलं.

उठणं महत्त्वाचं होतं. मिस्त्री बाटलीबंद सरबतांच्या कारखान्यात होते. पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी बाटल्या धुण्याच्या यंत्रातलं पाणी उकळीला आणायचं, पट्टे रिकामे फिरवून बघायचे, बूच बसवणाऱ्या यंत्राचे दाब जुळवायचे, हे काम त्यांचं. ते वेळेवर आले नाहीत तर धुलाई थंड, धुलाई थंड म्हणजे भरणी बंद, आणि भरणी बंद म्हणजे सगळी पाळी हाताची घडी घालून उभी. इतक्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. नव्या पोरांना मिस्त्री ते ऐकवायचेही. पहाटे चारला आपले डोळे आपोआप उघडतात, पोटातच घड्याळ आहे, असं ते सांगत.

वायर भिंतीत खोचताच लाल आकडे उघडझाप करायला लागले. बारा, बारा, बारा. सोबतच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत बऱ्याच भाषा होत्या, त्यातली एकही मिस्त्रींची नव्हती. डब्याच्या डोक्यावर बटणांची रांग होती आणि प्रत्येक बटण दुसरं दाबल्याशिवाय काही करत नव्हतं. शेवटी त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, 'टाइम' दाबून ठेवा आणि त्याच वेळी 'अवर' दाबा."

"काय?"

"दोन्ही एकदम दाबा!"

"मला हात किती आहेत? एका हातात फोन आहे."

"फोन खाली ठेवा ना मग!"

"काय म्हणालीस? तुझ्या गावाला रेंजच नाही. नीट बोल जरा."

फोन खाली ठेवला तर ती काय सांगते ते कळेना, आणि कानाला लावला तर बोटं पुरेनात. आकडे हव्या त्या वेळेपाशी आले की बोट उचलेपर्यंत पुढे पळायचे, मग पुन्हा सगळा फेरा. सगळ्यात मोठं बटण 'स्नूझ'चं होतं. कारखान्यात सगळ्यात मोठं बटण यंत्र बंद करायचं असतं, डोळे मिटूनही हाताला लागावं म्हणून. लेकीनं ओरडून ओरडून सांगितलं, की या बटणानं गजर थांबतो आणि थोड्या वेळानं पुन्हा वाजतो.

"म्हणजे बंद करायच्या बटणानं बंद होत नाही?"

"नाही बाबा. झोपायला अजून थोडा वेळ मिळतो."

"ज्याला झोपायचंय तो गजर कशाला लावेल?"

लेक हसली असावी. मिस्त्री हसले नाहीत. बऱ्याच झटापटीनंतर चारचा आकडा जागेवर बसला. रेडिओ लावून बघितला, तर भरदार आवाजाचा एक माणूस बातम्या देत होता. शब्द न् शब्द स्वच्छ. यंत्र चांगलं आहे, असा निर्वाळा देऊन मिस्त्री झोपले.

जाग आली तेव्हा पडद्यातून ऊन आलं होतं.

कारखान्यात पोचले तर पाळी उभी होती. बायका खोक्यांवर बसून गप्पा मारत होत्या. पाळीप्रमुख दारातच उभा होता. हा कधीकाळी मिस्त्रींच्या हाताखाली पाने-पकडी धुवायचा. मिस्त्री त्याला चारचौघांत 'साहेब' आणि एरवी 'तू' म्हणत.

"मिस्त्री, पोटातलं घड्याळ बंद पडलं का?"

"पोटातलं नाही, लेकीनं पाठवलेलं."

"मालकांचा फोन येऊन गेला. मी काय सांगू?"

"मी आलोय म्हणून सांगा, साहेब."

बायका हसल्या. पाळीप्रमुख हसला नाही.

त्या दिवशी मिस्त्री संध्याकाळी बाजारातून परतले, तर जिन्यात शेजारच्या बाई भेटल्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. एकट्या राहत, आणि त्यांची झोपायची खोली व मिस्त्रींची झोपायची खोली यांच्यात एकच भिंत होती, तीही पातळ. मिस्त्री खोकले तर बाईंना कळे.

"तुमच्या घरात दुपारी काय वाजत होतं हो? तासभर पीं पीं पीं! डोकं उठलं माझं."

"दुपारी किती वाजता?"

"चार वाजता. घड्याळाकडे बघत बसले होते मी, कधी थांबतं म्हणून."

मिस्त्रींच्या डोक्यात उजेड पडला. आकड्यांच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका होता. तो दुपारचा. पहाटेसाठी तो नको. एका ठिपक्यापायी सगळी पाळी उभी राहिली! घरी येऊन त्यांनी आकडे पुन्हा अख्खा फेरा फिरवून आणले, ठिपका घालवला, आणि डब्याला एक शिवी दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिंत हादरली. धप् धप् धप्. मिस्त्री ताडकन उठून बसले. चारचा आकडा नुकताच पुढे सरकला होता आणि घड्याळ उशाशी ढिम्म बसलं होतं. लाल आकडे तेवढे उघडझाप करत होते. भिंत पुन्हा हादरली. मिस्त्रींनी घड्याळाची हाती लागतील ती सगळी बटणं दाबली, आकडे स्थिरावले, भिंतही थांबली.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर घड्याळ वाजत नाही, आणि वर ही म्हातारी पहाटे पहाटे भिंती बडवते! वेळेवर पोचले खरे, पण दिवसभर धुसफुसत होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. घड्याळ गप्प, भिंत बडवलेली, मिस्त्री वेळेवर आणि संतापलेले.

"बाईंना वेड लागलंय," ते कारखान्यात बूच-यंत्रावरच्या मावशींना सांगत होते. सांगत होते म्हणजे ओठ हलवत होते. चालू पाळीत काचेवर काच आपटत असते, हजारो बाटल्यांचा एकच किणकिणाट. तिथे आवाजानं बोलणं शक्यच नसतं. सगळे ओठ वाचतात. मूठ आवळली की 'थांबव', दोन बोटं उडवली की 'पाठव', कानाची पाळी ओढली की साहेब येतोय. मावशींनी ओठांनी विचारलं, "भांडण झालंय का तुमचं?" मिस्त्रींनी खांदे उडवले.

घड्याळ वाजत नाही म्हटल्यावर ते पिशवीत घालून रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेलं. दुकान भर रस्त्यावर, समोर गाड्यांचा कल्ला. दुरुस्तीवाल्यानं वायर लावली, वेळ जुळवली आणि भुवया उंचावून मिस्त्रींकडे बघितलं.

"वाजतंय की!"

आकडे उघडझाप करत होते. दुरुस्तीवाल्याच्या चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान होतं. मिस्त्रींनी मान हलवली. "वाजतंय," ते म्हणाले. समोरचा माणूस ज्या तोंडानं बोलतो त्या तोंडाला साजेशी मान हलवायची, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की आपण खरंच काही ऐकलं का, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

दुकानात वाजतं आणि घरात वाजत नाही. यंत्र जाणणाऱ्या माणसाला याचा एकच अर्थ लागतो. घरच्या जोडणीत खोट आहे. मिस्त्रींनी उशाजवळचा विजेचा खटका भिंतीतून उपसून काढला. तारा सोलल्या, पुन्हा पिळल्या, झाकण बसवताना एक स्क्रू पलंगाखाली घरंगळला तो सापडलाच नाही. झाकण तिरकं लोंबत राहिलं. त्या रात्री ते समाधानानं झोपले.

नेमक्या त्याच दिवशी बाई तीन दिवसांसाठी भावाकडे गेल्या होत्या.

मिस्त्री उठले ते फोनच्या थरथरीनं. उशीखाली ठेवला होता. पाळीप्रमुखाचे त्याआधी बरेच फोन येऊन गेले होते, त्यांतल्या एकानंही जाग आली नव्हती. कारखान्यात गेल्यावर त्यानं त्यांना कोपऱ्यात घेतलं. या वेळी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"मिस्त्री, मी तुमच्याकडे शिकलो, म्हणून सांगतोय. मालक म्हणाले, आता एकदा जरी पाळी उभी राहिली तर पहाटेचं काम दुसऱ्याला द्या आणि तुम्हाला गोदामात बसवा. खोकी मोजायला."

"खोकी?"

"मला आवडतंय का हे? पण मी तरी काय करू?"

गोदामात यंत्र नव्हतं. शांत, थंड खोली, एक टेबल, एक खुर्ची. अपघात झालेल्या आणि नजर अधू झालेल्या माणसांना तिथे बसवत. मिस्त्रींना पहिल्यांदा भीती वाटली, आणि भीती वाटली की ते चिडत. घरी येऊन त्यांनी घड्याळ उचललं, खिडकीतून भिरकावणार तेवढ्यात लेकीचा चेहरा आठवला. मग पुन्हा जागेवर ठेवलं. रात्र त्यांनी खुर्चीत बसून काढली. पुढची रात्रही जवळपास तशीच. कामावर वेळेवर गेले, पण पट्ट्यापाशी उभ्या उभ्या डुलक्या येत होत्या. मावशींनी दोनदा त्यांची बाही ओढली.

बाई परत आल्या त्या संध्याकाळी मिस्त्री पलंगावर आडवे झाले आणि गाढ झोपले. पहाटे भिंत हादरली. धप् धप् धप्.

आता मात्र बास. मिस्त्री अनवाणी तसेच दाराकडे गेले. दार उघडलं तर बाई बाहेरच उभ्या, केस मोकळे, हातात छत्री उलटी धरलेली. भिंत बडवायचं हत्यार ते होतं तर.

"अहो मिस्त्री, बंद करा ते! माणसानं झोपायचं की नाही?"

"काय बंद करू? तुम्ही भिंत बडवणं बंद करा!"

"तुम्ही ते घड्याळ बंद केलंत तर मी कशाला बडवीन?"

"वाजतच नाही ते! तोच तर घोळ आहे सगळा!"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. वर्गात कोणी सरळ सरळ थाप मारली की बघायच्या तसं. मग त्या त्यांना ओलांडून आत गेल्या, झोपायच्या खोलीच्या दारात थांबल्या आणि त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

मिस्त्री मागून आले. खोली शांत होती. लाल आकडे उघडझाप करत होते. बाईंनी पुढे होऊन मोठं बटण दाबलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. खांदे खाली आले.

"आता थांबलं," त्या म्हणाल्या.

"काय थांबलं?"

बाईंनी घड्याळ हातात घेऊन बटणं चाळवली. मिस्त्रींचे सगळे फेरे त्यांनी चुटकीसरशी केले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. बटण दाबलं, आठी गेली. पुन्हा दाबलं, आठी आली. मिस्त्री घड्याळाकडे बघतच नव्हते, बाईंच्या कपाळाकडे बघत होते.

"तिकडे तोंड करा," ते म्हणाले. "भिंतीकडे. आणि वाजवा."

बाई पाठमोऱ्या झाल्या. मिस्त्रींनी डोळे मिटले. काही नाही. डोळे उघडले. बाईंचे खांदे आक्रसलेले होते. त्या काहीतरी बोलतही असाव्यात, कारण मग त्या वळल्या आणि वाट बघत राहिल्या.

"काय म्हणालात?"

"मी विचारलं," बाई सावकाश, एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "किती दिवसांपासून ऐकू येत नाही?"

"ऐकू येतं मला! आता तुमचं ऐकतोय की."

"बघताय," बाई म्हणाल्या. "आता जा कामावर. उशीर होईल."

धुण्याचं यंत्र तापत असताना मिस्त्री पत्र्यावर हात ठेवून उभे होते. नेहमीचंच. पंपाचं काही बिनसलं की तळहाताला आधी कळतं. पण आज त्यांना दरवर्षीची ती कानांच्या तपासणीची गाडी आठवत होती. कारखान्याच्या आवारात गाडी यायची. एकेकाला काचेच्या पेटीत बसवून डोक्यावर कानपट्टे चढवायचे. आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. तपासणारी मुलगी काचेपलीकडे बसायची आणि तिचं बोट हललेलं दिसायचं. बोट हललं की बटण दाबायचं, यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं. नीट लक्ष देणं म्हणतात ते हेच, अशी सगळ्या खात्याची समजूत. दरवर्षी सगळं खातं पास.

पाळी संपल्यावर त्यांनी बायकोला फोन लावला. तिचा चेहरा दिसेल असा फोन, नेहमीसारखाच. या सोयीचं त्यांना कौतुक होतं. आता कौतुक कशाचं ते कळलं.

"तू मला रोज कशी उठवतेस?"

"आज हे काय मधेच?"

"सांग."

बायकोनं इकडेतिकडे बघितलं. लेक पलीकडे झोपली असावी. "पायाचा अंगठा ओढते."

"हाक मारत नाहीस?"

"हाक मारणं सोडलं त्याला किती वर्षं झाली! तुम्हाला वाटतं तुम्ही आपले आपण उठता. म्हटलं, वाटू दे."

"मग सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं होतं की. दोनदा. तुम्ही पेपर वाचत होतात, माझ्याकडे पाठ करून."

संताप कोणावर काढावा ते मिस्त्रींना कळेना. घड्याळानं काम चोख केलं होतं. बाईंनीही. दुरुस्तीवाल्यानं खोटं सांगितलं नव्हतं. खटक्यात खोट नव्हती, ती त्यांनी स्वतः करून ठेवली होती.

"मी आले की कान दाखवायचे," बायको म्हणाली.

"बघू."

"बघू नाही. दाखवायचे. आणि तोपर्यंत कामावर वेळेत जायचं. गोदामाचं कळलंय मला."

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या साहेबानं. त्यानं फोन केला होता, वहिनी कधी परत येताय म्हणून."

संध्याकाळी मिस्त्रींनी घड्याळाची वायर गुंडाळली, डबा काखेत धरला आणि बाईंचं दार वाजवलं. दार उघडेपर्यंत काय बोलायचं ते ठरवत होते. दार उघडलं.

"हे तुम्ही ठेवा," ते म्हणाले.

"मला कशाला? मला काय कामावर जायचंय?"

"नाही, म्हणजे. तुम्हाला वाजलेलं कळतं."

"कळतं! चांगलंच कळतं!"

"मग तुम्ही उठायचं आणि ते... छत्रीनं. करताच आहात तुम्ही रोज."

बाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. "म्हणजे घड्याळानं मला उठवायचं आणि मी तुम्हाला."

"बायको येईपर्यंत."

"रेडिओवर लावा की. बारीक पीं पीं नाही, पण पुरुषाचा जाड आवाज येतो ना तुम्हाला?"

"पहाटे चारला कुठलं स्टेशन लागतंय? नुसती खरखर." पुढचं वाक्य मिस्त्रींना जड गेलं. "गोदामात बसवतील मला, बाई."

बाईंनी डबा त्यांच्या काखेतून काढून घेतला. "आवाज अगदी हळू करणार मी. तुमच्यासाठी शेवटापर्यंत चढवून ठेवलाय, मेलं भोंगा आहे की काय. आणि रविवारी लावणार नाही."

"रविवारी सुट्टीच असते."

"आणि एक. उठलात की उलट ठोकायचं. नाहीतर मी ठोकत बसेन, आणि तुम्ही घोरत पडाल."

"दोनदा ठोकतो."

"एकदा पुरे. माझीही भिंत आहे ती."

त्या रात्री मिस्त्रींच्या उशाशी लाल आकडे नव्हते. त्या जागी तिरकं लोंबणारं खटक्याचं झाकण होतं. पहाटे त्यांना अर्धवट जाग आली, म्हणजे आली असं त्यांना वाटलं. बाई झोपून राहिल्या असणार, म्हातारं माणूस, आवाज हळू करते म्हणे, कळलाच नसेल, आता पाळी उभी राहणार, असे सगळे वैतागाचे विचार एकामागून एक डोक्यात येत गेले. भिंतीच्या कडेला सरकून त्यांनी गार गिलाव्यावर तळहात टेकवला, यंत्राच्या पत्र्यावर टेकवत तसा, आणि तसेच पडून राहिले.

हाताखाली भिंत हलली. मिस्त्रींनी मूठ वळली आणि एकदा ठोकलं. ठोकताना झाकण खटक्यावरून निसटून खाली पडलं. पडल्याचा आवाज आला की नाही, ते त्यांना सांगता आलं नसतं. सकाळी बायकोला फोन करून कानाच्या डॉक्टरचं विचारायचं, असं पुटपुटत ते पायानं चपला शोधू लागले.